रूप, वय आणि वर्णद्वेष: 'काळ्या', 'टकल्या', 'थेरड्या', 'चिंकी' या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना काय काय हाका मारतात ते रोज कानांवर पडतं. त्यावरून वर्गात, शिक्षकखोलीत, पालकसभेत वाद होतात. कुणी म्हणतं, 'हा वर्णद्वेष आहे.' दुसरं कुणी म्हणतं, 'छे, साधी चिडवाचिडवी आहे.' आणि बोलणं तिथंच अडतं. पुन्हा पुन्हा समोर आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथं दिली आहेत. शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. फुल्या घातल्या असत्या तर कशाबद्दल बोलतोय तेच कळलं नसतं.

कुणाला 'टकल्या' किंवा 'थेरड्या' म्हटलं तर तो वर्णद्वेष होतो का?

बहुतेक वेळा नाही. टक्कल कोणत्याही जातीच्या, देशाच्या माणसाला पडतं आणि जगला तर म्हातारा प्रत्येकजण होतो. संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्ये वांशिक भेदभावाविरुद्ध जो करार मंजूर केला, त्यात भेदभावाचे आधार मोजून दिले आहेत: वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय मूळ, वांशिक मूळ. भारताने १९६८ मध्ये तो मान्य केला. या यादीत वय नाही, टक्कल नाही, वजन नाही, उंची नाही. रंग मात्र आहे. तेव्हा 'टकल्या' आणि 'काळ्या' हे दोन्ही शब्द रूपावरचे असले तरी एका पंगतीत बसत नाहीत.

पण 'बहुतेक वेळा' हे शब्द मी जाणूनबुजून वापरले आहेत. वयाचा आणि रूपाचा साधा शब्द वांशिक किंवा जातीय अपमान कसा होतो, त्याची उदाहरणं पुढे आहेत.

वर्णद्वेष, वर्णभेद, वंशवाद यांतला नेमका शब्द कोणता?

वर्तमानपत्रं बहुधा 'वर्णद्वेष' लिहितात. दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या राजवटीसाठी 'वर्णभेद' रुळला आहे. अभ्यासाच्या लेखनात 'वंशवाद' भेटतो. अडचण अशी की मराठीत 'वर्ण' म्हणजे कातडीचा रंगही आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही. त्यामुळे 'वर्णद्वेष' म्हटल्यावर काहींच्या डोळ्यांसमोर गोरे-काळे येतात, काहींच्या डोळ्यांसमोर जात येते. मी इथं 'वर्णद्वेष' हाच शब्द वापरते, कारण लोक तोच वापरतात. जातीबद्दल बोलायचं असेल तिथं सरळ 'जात' म्हणते.

मग एखादा शब्द वर्णद्वेषी आहे हे ओळखायचं कसं?

मी मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवते: हाच शब्द त्या माणसाच्या आईला, भावाला, त्याच्या गावातल्या सगळ्यांना लागतो का? शेजारच्या नानांना कुणी 'टकल्या' म्हटलं तर तो शब्द नानांच्या डोक्यापाशी थांबतो. नानांचं गाव, नानांची भाषा, नानांची माणसं त्यात येत नाहीत. मणिपूरच्या मुलीला 'चिंकी' म्हटलं तर तिच्या आईवर, आजीवर, तिच्यासारख्या दिसणाऱ्या लाखो माणसांवर तो शब्द त्याच क्षणी पडतो. म्हणणाऱ्याला ती मुलगी कोण, तिचं नाव काय, हे ठाऊकही नसतं. ठाऊक असण्याची गरजच वाटत नाही त्याला.

दुसरं पाहायचं ते त्या शब्दापाठोपाठ काय येतं. 'जाड्या' म्हणून कुणाला भाड्याचं घर नाकारत नाहीत. चेहऱ्यावरून, आडनावावरून, रंगावरून नाकारतात. जो शब्द अशा नकाराच्या सोबतीनं फिरतो त्याला साधी चिडवाचिडवी म्हणता येत नाही.

'काळ्या' तर आपण घरातल्या घरात म्हणतो. तोही वर्णद्वेष?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि त्याला एका वाक्यात उत्तर देणं मला जमत नाही.

आपल्याकडे काळे, गोरे, टकले, बोबडे ही आडनावं आहेत आणि ती मानानं मिरवली जातात. बोबडे आडनावाचे गृहस्थ २०१९ ते २०२१ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. विठोबा सावळा, कृष्ण काळा, आणि त्यांच्या रंगाचं कौतुक करताना संतांची वाणी थकली नाही. म्हणजे 'काळा' या शब्दात मुळात विष नव्हतं. पण त्याच विठोबाला हात जोडून आलेली माणसं लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सुस्वरूप' लिहितात. माझी धाकटी बहीण सावळी. ती सातवीत असताना एका दूरच्या मावशींनी तिच्यादेखत आईला विचारलं, 'हिचं कसं होणार गं?' त्या मावशींनी तिला 'काळी' म्हटलंही नव्हतं. बहीण आज पन्नाशीला आली आहे, अजूनही फोटो काढताना मागच्या रांगेत उभी राहते.

एकाच घरात, एकाच जातीत रंगावरून असं तोडून बोलणं म्हणजे वर्णद्वेषाचं सख्खं भावंड. बहीण आणि त्या मावशी एकाच वंशाच्या, त्यामुळे शब्दाच्या काटेकोर अर्थानं ते वंशावरून झालं नाही. तरी गोरा तो वरचा आणि काळा तो खालचा ही मांडणी दोन्हीकडे तीच आहे. ती बाजारानंही पोसली. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ पासून विकलं जात होतं. त्याच्या नावातला 'फेअर' जायला २०२० साल उजाडलं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमनं रंगावरून स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली.

घरातला 'काळ्या' घराबाहेर पडला की काय होतं, ते डॅरेन सॅमीच्या अनुभवातून कळतं. वेस्ट इंडीजचा हा माजी कर्णधार २०१३ आणि २०१४ मध्ये सनरायझर्स हैदराबादकडून आयपीएल खेळला. संघातले काहीजण त्याला 'काळू' म्हणत. त्याला वाटलं, त्याचा अर्थ दमदार घोडा असा काहीतरी असेल. २०२० च्या जूनमध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाल्यावर जगभर चर्चा पेटली होती, तेव्हा त्याला खरा अर्थ कळला आणि तो संतापला. पुढे एका सहकाऱ्याशी त्याचं बोलणं झालं. शब्द प्रेमानं वापरला होता, असं त्या सहकाऱ्यानं सांगितल्याचं सॅमीनं जाहीर केलं आणि विषय तिथं संपवला. प्रेमानं म्हटलं असेल यावर माझाही विश्वास आहे. आपण खरंच प्रेमानं म्हणतो. पण ज्या माणसाच्या पूर्वजांना कातडीच्या रंगावरून विकलं गेलं, त्याला त्या रंगाचंच नाव देऊन, अर्थ न सांगता, सगळ्यांनी हसायचं, हे बरोबर नाही. सॅमीच्या बाबतीत माझं उत्तर 'हो, वर्णद्वेष' असं आहे, म्हणणाऱ्याच्या मनात द्वेष नसला तरी.

आणि हे फक्त परदेशी खेळाडूंच्या वाट्याला येतं असंही नाही. तमिळनाडूचा कसोटीपटू अभिनव मुकुंद यानं २०१७ च्या ऑगस्टमध्ये जाहीरपणे लिहिलं की लहानपणापासून लोक त्याच्या रंगावरून बोलत आले आहेत. दिवसदिवस उन्हात खेळणारा मुलगा काळवंडणारच, यात लाज कसली, असा त्याचा सूर होता.

'चिंकी' हा शब्द डोळ्यांच्या ठेवणीबद्दल आहे. म्हणजे रूपाबद्दलच ना?

डोळ्यांची ठेवण हे फक्त निमित्त. म्हणायचं असतं ते 'तू इथली नाहीस' हे.

२०१४ च्या जानेवारीत अरुणाचल प्रदेशातला निडो तानिया हा विद्यार्थी दिल्लीच्या लाजपतनगरात पत्ता विचारायला एका दुकानापाशी थांबला. त्याचे केस रंगवलेले होते. दुकानातल्यांनी केसांवरून, दिसण्यावरून त्याची टर उडवली. वाद वाढला, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. सुरुवात कुठून झाली पाहा: केसांवरून. एखाद्या पुणेरी पोरानं केस पिवळे केले असते तर त्यालाही कुणी हसलं असतं, पण तो 'बाहेरचा' ठरला नसता.

त्यानंतर केंद्रानं एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ईशान्येकडच्या लोकांना अशा वागणुकीपासून वाचवायला दंडसंहितेत वेगळी कलमं घाला, असं समितीनं त्याच वर्षी सुचवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण वांशिक टोमण्यासाठी असं वेगळं कलम तिच्यातही नाही. २०१२ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं राज्यांना कळवलं होतं की 'चिंकी' म्हणणाऱ्यावर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली कारवाई होऊ शकते. पण तो कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी. नागा मुलगी अनुसूचित जमातीची म्हणून त्यात बसते, मैतेई मुलगी बसत नाही. शिवी एकच, तोंडं दोघींची सारखीच उतरतात, आणि कायदा एकीलाच ओळखतो. मला ही मोठी उणीव वाटते.

'नकट्या', 'चपट्या नाकाचा' हे तरी निरुपद्रवी असेल?

भावंडं एकमेकांना म्हणतात तेव्हा असेल. पण नाकाचा इतिहास आपल्या देशात वाईट आहे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावण्याचा खटाटोप केला. जात जितकी वरची तितकं नाक अरुंद, असा त्यांचा दावा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकांच्या मापांचेच आकडे घेऊन हा दावा खोडला: ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या मापांत वेगळा वंश ठरवण्याजोगं काही सापडत नाही. तरीही 'नाकीडोळी नीटस' या मोजपट्टीत आपण अजून मुली बसवतो, आणि एखाद्याचं नाक पाहून त्याची जात ओळखण्याची फुशारकी मारणारी माणसं मला दर वर्षी भेटतात.

जातीवरून दिलेली शिवी वर्णद्वेषात मोडते का?

२००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वर्णद्वेषाविरुद्ध जागतिक परिषद झाली तेव्हा यावर मोठा झगडा झाला. दलित संघटना म्हणत होत्या, जातीचा विचार इथं झालाच पाहिजे. भारत सरकारची भूमिका होती, जात म्हणजे वंश नव्हे. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं सांगितलं की १९६५ च्या करारातल्या 'कूळ' या शब्दात जातीसारखी व्यवस्था येते.

मला विचाराल तर, जात आणि वंश एक नाहीत हे बाबासाहेबांचंच म्हणणं होतं आणि ते पटणारं आहे. पण त्यावरून जातीची शिवी हलकी ठरत नाही. आपल्या कायद्यात तिला कडक शिक्षा आहे. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा, लोकांच्या नजरेसमोर, अपमान करण्याच्या हेतूनं पाणउतारा केला किंवा जातीच्या नावानं शिवी दिली, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते.

वयाचा शब्द कधी वांशिक किंवा जातीय अपमान होतो का?

होतो, आणि याकडे लोकांचं लक्ष सर्वांत कमी जातं.

अमेरिकेत गोरे मालक म्हाताऱ्या काळ्या माणसालाही 'बॉय' म्हणत. शब्द वयाचा, 'पोरा' एवढाच. पण त्यातून सांगायचं असे की तू कितीही वाढलास तरी माझ्यालेखी पुरुष होणार नाहीस. २००६ मध्ये हा शब्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अलाबामातल्या दोन काळ्या कामगारांची तक्रार होती की बढती नाकारणारा व्यवस्थापक त्यांना 'बॉय' म्हणतो. खालचं न्यायालय म्हणालं होतं, नुसत्या 'बॉय'मध्ये, सोबत 'काळा' वगैरे विशेषण नसताना, वर्णद्वेष दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. संदर्भ, उच्चाराची ढब, आवाजाचा सूर, तिथली रीत आणि शब्दाचा इतिहास, हे सगळं बघावं लागतं, असं न्यायालयानं म्हटलं.

हे वाचताना मला आपलं गाव आठवलं. गावगाड्यात महार, मांग, चांभार समाजातल्या सत्तर वर्षांच्या आजोबांना पाटलाचं सात वर्षांचं पोर 'ए किसन्या, इकडं ये' म्हणत असे. त्याच वयाचा वरच्या जातीतला माणूस 'किसनराव' किंवा 'किसनतात्या'. मराठीत वयाला आपोआप मान असतो. मामा, काका, तात्या, आबा, अक्का, मावशी, अनोळखी माणसालाही आपण नातं जोडून हाक मारतो. तो मान काही जातींना मुद्दाम नाकारला गेला. शिवी एकही नव्हती त्यात, फक्त 'राव'च्या जागी 'या' लागत होता आणि 'अहो'च्या जागी 'अरे'. पण अपमान पुरा होता आणि पिढ्यान्‌पिढ्या चालला.

शहरात तेच दुसऱ्या वेषात दिसतं. नेपाळीत 'कांछा' म्हणजे सगळ्यांत धाकटा मुलगा. आपल्या सोसायट्यांतून पन्नाशीच्या नेपाळी रखवालदारालाही 'कांचा' म्हणून हाक मारतात, नाहीतर 'बहादूर'. चहाच्या टपरीवरचा 'छोटू' मोठा झाला, मिशा आल्या, तरी 'छोटू'च. मी याला सरसकट वर्णद्वेष म्हणणार नाही. पण नेपाळी माणसाला, त्याचं नाव न विचारता, त्याच्या साऱ्या समाजाला चिकटवलेल्या एकाच नावानं हाक मारणं वर्णद्वेषापासून फार लांब नाही.

'थेरडा', 'म्हातारडा', 'बुढ्ढा', 'बूमर' यांचं काय?

हे वयावरचे हल्ले. त्याला वयद्वेष म्हणता येईल. इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्द १९६९ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकी डॉक्टरांनी घडवला, आणि घडवतानाच त्यांनी त्याची तुलना वर्णद्वेषाशी केली होती. पालीत 'थेर' म्हणजे ज्येष्ठ, आदरणीय भिक्खू. 'थेरवाद' हे नाव त्यावरूनच आलं. त्याच मुळाला मराठीनं 'डा' लावला आणि आदराची शिवी झाली, हे दर वेळी शिकवताना मला वाईट वाटतं.

'माझा म्हातारा' म्हणणारी आजी आणि बसमध्ये 'ए म्हाताऱ्या, सरक' म्हणणारा तरुण यांतला फरक समजावून सांगायची गरज नाही. 'बूमर' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जन्मलेल्या पिढीतला माणूस. हा शब्द मला त्या मानानं सौम्य वाटतो. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत एका तरुण खासदार बाईंनी हवामानबदलावर बोलताना मध्येच आलेल्या शेऱ्याला 'ओके बूमर' म्हणून उत्तर दिलं, आणि तो शब्द जगभर गेला. त्यात एका पिढीच्या कारभारावरचा राग होता. पण दवाखान्याच्या रांगेत ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना तोच शब्द फेकून मारला, तर राग कसला, नुसता उद्धटपणा.

'टकल्या' म्हटल्याबद्दल कुणाला शिक्षा झाली आहे का?

गुन्हा म्हणून शिक्षा नव्हे, पण इंग्लंडमध्ये त्याविरुद्ध निकाल लागला आहे, तोही वेगळ्याच कारणानं. २०२२ मध्ये तिथल्या रोजगार न्यायाधिकरणानं ठरवलं की कामाच्या ठिकाणी पुरुषाला टकलावरून शिवी देणं हा लिंगावरून केलेला छळ आहे, कारण टक्कल स्त्रियांपेक्षा पुरुषांना कितीतरी जास्त पडतं. पुढच्या वर्षी अपिलातही तेच टिकलं. तिथल्या २०१० च्या समता कायद्यात वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग यांसह नऊ गोष्टींना संरक्षण आहे. नुसतं रूप त्यात नाही, म्हणून रूपावरच्या शिवीला त्यांतल्या एखाद्या खुंटीवर अडकवावं लागतं.

'लंगड्या', 'चकण्या', 'बुटक्या', 'बहिऱ्या'?

वर्णद्वेष नाही. पण गुन्हा असू शकतो, आणि हे शिकल्यासवरल्या माणसांनाही माहीत नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार अपंग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. या कायद्याच्या यादीतल्या २१ प्रकारांत ठेंगूपणा येतो, अ‍ॅसिड हल्ल्यानं विद्रूप झालेला चेहराही येतो.

'घाटी', 'भैय्या', 'मद्रासी', 'यंडुगुंडू' हे कशात मोडतात?

हे प्रांतावरून हिणवणारे शब्द. घाटावरून आलेला तो घाटी, एवढाच मूळ अर्थ. मुंबईत तो साताऱ्या-सांगलीकडच्या हमालाला, गिरणी कामगाराला, घरकामाच्या बाईला अडाणी म्हणून हिणवायला वापरला गेला. गोव्यात 'घांटी' आजही घाटापलीकडून पोटासाठी आलेल्याला म्हणतात. ज्यांना 'घाटी' ऐकताना मान खाली घालावी लागली, त्यांचीच मुलं 'भैय्या' म्हणताना तोच सूर लावतात तेव्हा मला खरोखर त्रास होतो. उत्तरेत 'भैय्या' म्हणजे थोरला भाऊ! नात्याचा, वयाच्या मानाचा शब्द घेऊन आपण त्याची शिवी केली.

संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग यांच्यासोबत जन्मस्थानही आहे. न्याय संहितेचं कलम १९६ धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा यांवरून समाजांत वैर पेरणाऱ्याला लागू होतं. एकट्यादुकट्याच्या टोमण्याला ते लागणं कठीण, मंचावरून केलेल्या चिथावणीला लागतं.

परदेशात आपल्या लोकांना रूपावरून बोलतात तेव्हा?

तेव्हा आपल्याला लगेच कळतं, नाही का? १९८७ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावानं एक टोळी वावरत होती. 'डॉट' म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. भारतीयांना इथून हाकलून लावू अशी धमकी त्यांनी वर्तमानपत्राला पत्र पाठवून दिली, घरं फोडली, माणसांना मारलं. कित्येक बायकांनी बाहेर पडताना टिकली लावणं सोडलं. टिकली रूपाचाच भाग, तरी तो हल्ला रूपावरचा होता असं कुणी म्हणणार नाही.

२०२१ च्या जानेवारीत सिडनीच्या मैदानावर प्रेक्षकांनी मोहम्मद सिराजला शिव्या दिल्या. त्यानं खेळ थांबवून तक्रार केली आणि काही प्रेक्षकांना बाहेर काढलं गेलं. आपण सगळे चिडलो, योग्यच होतं. पण २००७ च्या ऑक्टोबरमध्ये वडोदऱ्यात आणि नंतर आपल्या वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला पाहून प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढले होते. त्या वेळी 'अहो, ती हनुमानाची आठवण होती' असलं समर्थन मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

'हबशी' म्हणणं चूक का? तो तर इतिहासातला शब्द आहे.

आहे. हबश म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपिया. तिथून आलेला तो हबशी. निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर हबशीच होता. खडकी हे शहर, आजचं छत्रपती संभाजीनगर, त्यानंच वसवलं. जंजिऱ्याचे सिद्दीही त्याच मुळाचे. इतिहासाच्या तासाला मी हा शब्द वापरते. पण पुण्यात शिकायला आलेल्या नायजेरियाच्या किंवा केनियाच्या मुलाला रस्त्यावर 'ए हबशी' म्हणणाऱ्याला मलिक अंबर आठवत नसतो.

माझा तसा हेतू नव्हता, चेष्टेत म्हटलं. तरी मी वर्णद्वेषी?

एका शब्दावरून मी कुणाला तसा शिक्का मारणार नाही. शब्द वर्णद्वेषी असू शकतो आणि म्हणणारा अजाण असू शकतो. कायद्यात हेतू मोजला जातो, आणि जावा. घरात, वर्गात, मैदानावर मात्र हेतूचं स्पष्टीकरण ऐकण्याआधी ज्याला लागलं त्याचं ऐकायचं असतं. एकदा अर्थ कळला, समोरचा दुखावला हे कळलं, आणि त्यानंतरही तोच शब्द तोंडात राहिला, तर 'हेतू नव्हता' म्हणायची सोय उरत नाही.

पण ज्याला म्हणतात तोच हसतो, मग?

बारा जणांच्या घोळक्यात तो एकटा असतो. हसला नाही तर 'याला चेष्टा कळत नाही' हे दुसरं बिरुद तयार असतं.

तक्रार करायची तर कुठे?

जातीवरून अपमान झाला असेल तर पोलीस ठाणे, आणि अ‍ॅट्रॉसिटीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६६. ज्येष्ठांचा छळ होत असेल तर १४५६७. शिवी अशी की त्यावरून भांडण पेटावं, तर न्याय संहितेचं कलम ३५२. स्त्रीच्या लज्जेला धक्का देणारे शब्द असतील तर कलम ७९. कार्यालयात असाल तर आधी तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा. शब्द जसाच्या तसा लिहा, 'अपशब्द वापरले' एवढंच नको. सॅमीची गोष्ट आठवा: नुसता शब्द वाचून ज्याला अर्थ कळणार नाही, त्याच्यासाठी तो कुठल्या सुरात आणि कुणापुढे म्हटला गेला हेही लिहावं लागतं.

माझ्या मुलानं शाळेत असा शब्द वापरला. काय करू?

सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढू नका. आधी विचारा, शब्द कुठं ऐकलास? बहुतेकदा उत्तर 'आपल्या घरी' असं येतं, आणि मग बोलणं जड जातं, पण तिथूनच सुरू करावं लागतं.

माझ्या सहावीच्या वर्गात आमच्या शाळेच्या रखवालदारांचा मुलगा होता. कुटुंब नेपाळचं, मुलगा इथंच जन्मलेला, मराठीत पहिल्या पाचात. पोरं त्याला 'बहादूर' म्हणायची. एका मुलाला मी बाजूला घेऊन विचारलं, त्याचं नाव काय? त्याला ते माहीत होतं, रोज हजेरीत ऐकत होता. मग बहादूर का? तो म्हणाला, 'बाई, त्याच्या बाबांना सगळे तेच म्हणतात ना.' मी पुढं विचारलं, त्याच्या बाबांचं नाव काय? तो गप्प राहिला. मला वाटलं, आता याला नाव सांगावं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते मलाही माहीत नव्हतं. चार वर्षं ते रोज सकाळी फाटकाशी मला नमस्कार करत होते. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं, तो मुलगा आणि मी, फाटकापाशी गेलो आणि त्यांना नाव विचारलं.